साथ आली, सगळं बंद झालं, तरी कॅन्सरची तपासणी अडू नये म्हणून घरात काय करून ठेवायचं

कोविडच्या साथीत, २०२० च्या मार्च, एप्रिल आणि मे या तीन महिन्यांत देशातल्या ४१ कॅन्सर सेंटरमध्ये किती नवीन पेशंट आले याचा हिशोब नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या, म्हणजे देशभरातल्या कॅन्सर हॉस्पिटलांच्या जाळ्याच्या, डॉक्टरांनी नंतर मांडला. आदल्या वर्षी याच तीन महिन्यांत १ लाख १२ हजारांच्या वर नवीन नोंदी झाल्या होत्या, त्या वर्षी झाल्या ५१ हजार ७६०. ५४ टक्के घट. आता कॅन्सर होणाऱ्यांची संख्या काही एका वर्षात निम्मी होत नाही, मग उरलेली माणसं कुठे होती? घरी होती. छातीतली गाठ घेऊन, गालातला चट्टा घेऊन, अंगावरून जाणारं रक्त कुणाला न सांगता घरी बसली होती, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आपल्याला काय झालंय हेच माहीत नव्हतं कारण ते सांगणारी तपासणीच झाली नव्हती. त्याच हिशोबात पॅथॉलॉजीच्या तपासण्या ३८ टक्के आणि एक्सरे-सोनोग्राफी-स्कॅन ४३ टक्के कमी झाल्या होत्या, आणि ज्याला स्क्रीनिंग म्हणतात, म्हणजे काहीच त्रास नसताना करायची तपासणी, ती ७० टक्क्यांहून जास्त सेंटरवर एकतर पूर्ण बंद होती नाहीतर नेहमीच्या पाव हिश्श्यापेक्षाही कमी चालू होती.

मी सोलापूर-बार्शी भागात पेशंटच्या घरच्यांना कागदपत्रं, अपॉइंटमेंट, योजना असल्या कामात मदत करते. त्या काळात जे पाहिलं त्यावरून एक गोष्ट पक्की कळली, ती आधी सांगते आणि मग बाकीचं.

परदेशात, म्हणजे इंग्लंड, नेदरलँड्स वगैरे देशांत, वय झालं की सरकारकडून घरी पत्र येतं की अमुक तपासणीला या. साथीत तिथेही हे थांबलं होतं, पण तिथे यादी होती, कुणाची तपासणी राहिली ते कंप्युटरमध्ये दिसत होतं, त्यामुळे नंतर बोलावता आलं. आपल्याकडे अशी यादी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९-२१ चे आकडे बघा, ३० ते ४९ वयाच्या बायकांमध्ये गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी केलेल्या १.९ टक्के, स्तनांची ०.९ टक्के, तोंडाची ०.९ टक्के. पुरुषांत तोंडाची १.२. म्हणजे शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणींची तपासणी साथ नसतानाही होत नव्हती. आपल्याकडे कॅन्सर सापडतो तो बहुतेक वेळा माणूस स्वतः "हे काय झालंय बघा हो" म्हणत डॉक्टरकडे जातो तेव्हा. आणि साथीत नेमकं हेच जाणं थांबतं. तुमचं राहून गेलंय हे कुणालाही माहीत नसतं, कुणी परत फोन करून बोलावणार नाही. म्हणून यादी आपणच घरात ठेवायची, आणि खाली जे सांगतेय ते सगळं त्या यादीभोवतीच आहे.

वही करा, आजच

शंभर पानी वही पुरे. घरातल्या तीस वर्षांच्या पुढच्या प्रत्येक माणसाला एक पान. त्यावर जन्मवर्ष, तंबाखू-मिश्री-गुटखा-विडी-दारू यातलं काय आणि किती वर्षं (इथे खोटं लिहू नका, ही वही पोलीस बघणार नाहीयेत), घरात रक्ताच्या नात्यात कुणाला कॅन्सर झाला होता आणि साधारण कुठल्या वयात, आणि आजवर कुठली तपासणी कधी झाली. तपासणीच्या पुढे रिपोर्टमध्ये शेवटी काय लिहिलं होतं ते एका ओळीत. रिपोर्टचे मोबाइलवर फोटो काढून घरातल्या दोन फोनमध्ये ठेवा, एकाच फोनमध्ये नको, फोन हरवतात.

सरकारी नियमाप्रमाणे ३० च्या पुढे तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन तपासण्या दर पाच वर्षांनी उपकेंद्र किंवा पीएचसीवर (प्राथमिक आरोग्य केंद्रावर) मोफत व्हायला हव्यात, आशाताई घरी येऊन एक फॉर्म भरतात तो यासाठीच असतो. २०२० मध्ये याच आशाताई घरोघर कोविडचा सर्व्हे करत होत्या, सप्टेंबरमध्ये "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" सुरू झालं तेव्हा टेंपरेचर आणि ऑक्सिजन मोजत गल्ल्या पालथ्या घालत होत्या, त्यांच्याकडून त्यात गर्भाशयमुखाच्या तपासणीची आठवण होईल ही अपेक्षाच चूक होती. पुढच्या साथीत पण पहिलं काम त्यांनाच लागणार. तुमचं पान भरलेलं असेल तर तुम्हीच त्यांना दारात विचारू शकता की ताई, आमची पाच वर्षं झाली, उपकेंद्रावर कुठल्या वारी करतात?

आणि वहीत सगळ्यात महत्त्वाची ओळ कुठली, तर "तक्रार कधी सुरू झाली" ती तारीख. साथीच्या काळात दिवस एकमेकांत मिसळतात, माणसाला वाटतं आत्ताच तर आलीय गाठ, आणि प्रत्यक्षात चार महिने झालेले असतात. आठवत नसेल तर सणावरून लावा, गुढीपाडव्याला होती का, आषाढीला होती का. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात.

काय थांबू शकतं आणि काय अजिबात नाही

साथीत सगळंच घाईने करायला गेलं तर काहीच होत नाही, दवाखान्यात गर्दी, संसर्गाची भीती, पैसे नाहीत, गाडी नाही. म्हणून दोन भाग करा.

काहीच त्रास नाही, फक्त पाच वर्षांची किंवा दोन वर्षांची नेहमीची तपासणी आलीय, तर काही महिने पुढे गेली तरी चालतं. गर्भाशयमुखाचा कॅन्सर तर व्हायला वर्षानुवर्षं लागतात, आधीची एचपीव्ही (या कॅन्सरला कारण होणाऱ्या विषाणूची) किंवा पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशींची) तपासणी चांगली आली असेल तर लाट ओसरेपर्यंत थांबण्यात घाबरण्यासारखं काही नाही. फक्त वहीत नवीन तारीख लिहायची, "लाट संपल्यावर" असं नाही लिहायचं, महिना लिहायचा. लाट संपल्यावर असं लिहिलेलं काम कधीच होत नाही हा अनुभव आहे.

पण त्रास असेल तर ते स्क्रीनिंग राहत नाही, ते निदान होतं, आणि निदान थांबवायचं नाही, लॉकडाऊन असो नाहीतर काही असो. छातीत किंवा काखेत नवी गाठ, दुखत नसेल तरीसुद्धा, खरं तर न दुखणारीच जास्त दाखवायची. निपल आत ओढलं जाणं किंवा त्यातून रक्त येणं. पाळी कायमची गेल्यावर परत रक्त जाणं, संबंधानंतर रक्त जाणं, घाण वासाचं पाणी जाणं. तोंडात तीन आठवड्यांत न भरलेली जखम. गिळताना घास अडकणं, आधी भाकरी मग भात मग पाणी असं वाढत जाणं. आवाज बसला तो तीन आठवडे झाले तरी न सुटणं. थुंकीतून रक्त. शौचातून रक्त किंवा शौचाची सवय अचानक बदलून तशीच राहणं, आणि इथे मी हात जोडून सांगते, न तपासता मूळव्याध म्हणून मलम आणून लावत बसू नका, कितीतरी मोठ्या आतड्याचे कॅन्सर मूळव्याधीच्या नावाखाली सहा सहा महिने घरात राहतात. काही कारण नसताना वजन भराभर उतरणं. यातलं काही असेल तर त्या आठवड्यात डॉक्टरशी बोलणं झालंच पाहिजे, किमान फोनवर.

कारण उशिराची किंमत असते. २०२० मध्येच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बऱ्याच देशांतल्या अभ्यासांचा एकत्र हिशोब आला होता, त्यात कॅन्सरचं ऑपरेशन चार आठवडे लांबलं की मृत्यूच्या धोक्यात ६ ते ८ टक्क्यांची भर पडते असं निघालं. आणि हे निदान झाल्यानंतरच्या उशिराचं आहे, निदानाच्या आधी घरात गेलेले महिने यात धरलेलेच नाहीत.

तोंड, कारण साथीत सगळ्यात जास्त तेच लपतं

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, आपल्या देशात पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर पहिल्या नंबरात आहे आणि आपल्या भागात मिश्रीमुळे बायकांमध्येही कमी नाही.

बघा ना काय काय झालं होतं. तोंडावर मास्क. दातांचे दवाखाने कित्येक आठवडे बंद नाहीतर फक्त इमर्जन्सीला चालू, कारण दातांच्या कामात तुषार उडतात. फॅमिली डॉक्टर पेशंटला लांबून बघून गोळ्या देत होते, मास्क काढा आणि आ करा म्हणायला कुणी तयार नव्हतं, त्यांचाही जीव होताच ना. आणि एरवी तोंडातला चट्टा पहिल्यांदा बघतो कोण? दातवाला डॉक्टर, दाढ दुखते म्हणून गेलेल्या माणसाच्या तोंडात. ती वाटच बंद झाली. वर घरी बसून तंबाखू वाढला तो वेगळा, दुकानं बंद असताना पुड्या दुप्पट-तिप्पट भावाने मिळत होत्या तरी लोक घेत होते.

म्हणून तोंड घरीच बघायला शिका, महिन्यातून एकदा, दिवसाच्या उजेडात, आरसा घेऊन, नाहीतर बायकोने नवऱ्याचं आणि मुलाने वडिलांचं मोबाइलच्या टॉर्चने बघायचं. आधी चूळ भरा, कवळी असेल तर काढा. ओठ बाहेर ओढून आतून बघा, मग दोन्ही गाल बोटाने ताणून आतली बाजू शेवटच्या दाढेपर्यंत, तंबाखू जिथे धरून ठेवतात ती जागा तर दोनदा. हिरड्या. जीभ बाहेर काढून वरून, मग दोन्ही कडा, मग जीभ टाळूला लावून खालची जागा. टाळू. शेवटी मानेवर आणि जबड्याखाली बोटं फिरवून गाठ लागते का. दिसायला काय नको, तर पुसून न जाणारा पांढरा चट्टा, लाल मखमलीसारखा डाग (हा पांढऱ्यापेक्षा जास्त काळजीचा), कडा कडक झालेली जखम, कारण नसताना हलायला लागलेला दात, नेहमीची कवळी अचानक न बसणं. आणि तोंड उघडून स्वतःची तीन बोटं उभी आत घालून बघा, जात नसतील, तिखट लागल्यावर आग होत असेल, तर गुटखा-सुपारीने तोंड आवळत चाललंय, ते आजच कॅन्सर नसेल पण तिथून होण्याचा धोका मोठा असतो, त्याला दाखवायलाच पाहिजे आणि पुडी त्याच दिवशी बंद.

काही दिसलं तर फोटो काढा. चांगल्या उजेडात, शेजारी पेन किंवा पट्टी धरून म्हणजे केवढं आहे ते कळतं, तारीख वहीत. दोन आठवड्यांनी परत फोटो. तिसऱ्या आठवड्यात ते तिथेच असेल तर दातांचा डॉक्टर किंवा कान-नाक-घसा वाला, सरकारी सिव्हिलमध्ये दोघंही असतात. मधल्या काळात तोंडाला लावायच्या जेलच्या ट्यूबमागून ट्यूब संपवू नका. टोकदार दात लागून झालेली जखम असेल तर दात घासून घेतल्यावर दोन आठवड्यांत ती भरते, नाही भरली तर दात हे कारण नव्हतं.

केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात शिकवलेल्या आरोग्यसेवकांनी घरोघर फिरून नुसत्या डोळ्यांनी तोंडं तपासली होती, २००५ मध्ये त्याचा निकाल लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, तंबाखू किंवा दारू घेणाऱ्या पुरुषांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. मशीन नाही, रक्त नाही, स्कॅन नाही. तेव्हा मोबाइलच्या टॉर्चला कमी समजू नका.

मॅमोग्राफी बंद असेल तर

मुंबईत टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून वीस वर्षं वस्त्यांमध्ये एक अभ्यास चालवला, दीड लाखाच्या वर बायका त्यात होत्या, अर्ध्या भागातल्या बायकांचे स्तन शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासायच्या. २०२१ मध्ये निकाल आला. गाठी लवकरच्या स्टेजला सापडायला लागल्या आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. याचा तुमच्या-आमच्यासाठी अर्थ असा की शहरातलं मॅमोग्राफीचं (स्तनांच्या एक्सरेचं) सेंटर बंद असलं तरी शिकलेल्या सिस्टरचा किंवा डॉक्टरचा हात ही खरी तपासणी आहे, ती पीएचसीवर मागून घ्या, "मशीन नाही" म्हणून परत येऊ नका. घरी स्वतः बघणं म्हणजे आंघोळीच्या वेळी आपल्या छातीचा नेहमीचा आकार आणि लागणं ओळखीचं ठेवणं, काही वेगळं वाटलं की दाखवणं, एवढंच. पण गाठ लागली असेल तर मग हाताची तपासणी पुरत नाही, सोनोग्राफी, चाळीशीच्या पुढे मॅमोग्राफी आणि सुईने किंवा छोटा तुकडा काढून करायची तपासणी (बायोप्सी), यातलं काय ते सर्जन सांगतील आणि ते साथीतही मिळवायचंच.

गर्भाशयमुखाचं तर आमच्या शेजारच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातच मोठं काम झालंय, सव्वा लाखाच्या वर बायका, आणि २००९ मध्ये निकाल आला की एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने पुढे गेलेले कॅन्सर आणि मृत्यू साधारण निम्मे झाले. एकदाच! म्हणून साथ नसलेल्या चांगल्या दिवसांत ही एक तपासणी उरकून ठेवा, पुढे वर्षभर दवाखाने बंद राहिले तरी तुमच्यामागे काहीतरी असेल. एचपीव्ही मिळत नसेल तर पीएचसीवर व्हिनेगरसारखं पातळ ॲसिड लावून बघतात ती तपासणी, मिनिटभराचं काम आहे, दुखत नाही, लगेच कळतं.

फोन कसा करायचा

लॉकडाऊनमध्ये दवाखान्यात फोन केला आणि "चेकअपला यायचंय" म्हणालात की रिसेप्शनवरची मुलगी म्हणणार, रुटीन सगळं बंद आहे, महिन्याने करा. तिची चूक नाही, तिला तसंच सांगितलेलं असतं. म्हणून पहिल्या वाक्यातच वय, त्रास, किती दिवस, आणि वाढतंय का ते सांगा. "माझ्या सासूबाई, वय ५८, पाळी जाऊन आठ वर्षं झाली, तीन आठवड्यांपासून परत रक्त जातंय, डॉक्टरांशी बोलायचंय." एवढं नेमकं सांगितलं की तीच मुलगी फोन आत देते. मग तीन गोष्टी विचारा, ओपीडी कुठल्या दिवशी आणि कुठल्या गेटने, सोबत किती माणसं चालतील, आणि तपासणीआधी आरटीपीसीआर लागते का. कोविडच्या वेळी दुर्बीण घालायची किंवा तुकडा काढायचा तर आधी आरटीपीसीआर मागायचे आणि तो रिपोर्ट दोन-तीन दिवसच चालायचा, लोक आधी टेस्ट करून बसायचे, मग अपॉइंटमेंट पुढची मिळायची आणि टेस्ट परत. आधी तारीख घ्या, मग टेस्ट.

प्रत्यक्ष जाणं जमत नसेल तर ई-संजीवनी आहे, सरकारचं मोफत ऑनलाइन ओपीडी, २०२० च्या लॉकडाऊनमध्येच सुरू झालं. फोनवरचा डॉक्टर गाठ चाचपू शकत नाही हे खरं, पण तो चिठ्ठी देऊ शकतो, "संशयास्पद गाठ, तातडीने सर्जनकडे पाठवावे" असं लिहिलेली, आणि ही चिठ्ठी म्हणजे सोनं आहे.

का ते सांगते. त्या उन्हाळ्यात एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जायला ई-पास लागायचा, त्याला वैद्यकीय कारणाचा कागद लागायचा. मुंबईत लोकल फक्त अत्यावश्यक सेवेच्या लोकांसाठी होती, पुढे कॅन्सर पेशंटनाही परवानगी मिळाली. चांगलंच झालं ते. पण कॅन्सर पेशंट असल्याचा कागद कुणाकडे असतो? ज्याचं निदान झालंय त्याच्याकडे. ज्याला नुसती गाठ आहे आणि ती कसली हे शोधायला जायचंय त्याच्याकडे कसलाच कागद नसतो, केस पेपर नसतो, फाइल नंबर नसतो, नाक्यावरच्या पोलिसाला दाखवायला काही नसतं. उपचार घेणाऱ्यांची अडचण किमान सगळ्यांना दिसत तरी होती, निदान न झालेला माणूस कुठल्याच नियमात बसत नव्हता. म्हणून पहिल्या दिवशी, तक्रार घेऊन ज्या कुठल्या डॉक्टरकडे जाल, गावातला एमबीबीएस असो की पीएचसी, तिथून तारीख, सही, शिक्का असलेली रेफरल चिठ्ठी लिहून घ्या. मागितल्याशिवाय मिळत नाही बऱ्याचदा. मागा.

आणि सिव्हिल किंवा मेडिकल कॉलेज साथीचं हॉस्पिटल केलं असेल तर तिथली सर्जरीची ओपीडी बहुतेक बंद होत नाही, दुसऱ्या इमारतीत हलवलेली असते. परत फिरण्याआधी विचारा कुठे हलवलीय.

तुकडा जवळच काढा, पण ब्लॉक सांभाळा

लोकांना वाटतं कॅन्सर म्हणजे मुंबईच, परळचं टाटा हॉस्पिटलच. साथीत परळला जाणं म्हणजे गाडीचा खर्च, राहायचं कुठे, धर्मशाळा चालू आहेत का, परत येताना क्वारंटाइन. या विचारात महिने जातात. पण निदानाचा पहिला भाग, म्हणजे सोनोग्राफी, सुई, तुकडा, हे जिल्ह्याच्या ठिकाणी होतं. कॅन्सर सेंटरही आता फक्त मुंबईत नाहीत, आमच्याकडे बार्शीला नर्गिस दत्त हॉस्पिटल आहे, नागपूरला आहे, औरंगाबादला म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला सरकारी कॅन्सर हॉस्पिटल आहे. नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातली शेकडो हॉस्पिटलं आहेत, आपल्या जवळचं कुठलं ते आत्ताच बघून वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

तुकडा काढला की कॅन्सर पसरतो असं म्हणणारे प्रत्येक घरात एक काका असतात. नीट पद्धतीने काढलेल्या बायोप्सीने पसरतो असं नाही, आणि बायोप्सीशिवाय कुठलाही शहाणा डॉक्टर केमो किंवा रेडिएशन सुरू करत नाही. हां, एक सांभाळायचं, छोट्या दवाखान्यात "गाठ आहे ना, काढूनच टाकू" म्हणून घाईने पूर्ण गाठ काढून घेऊ नका, विशेषतः स्तनाची. आधी सुई किंवा तुकडा, मग निदान, मग ऑपरेशन. अर्धवट ऑपरेशन होऊन, तुकडा लॅबला न पाठवता घरी आलेल्या बायका मी पाहिल्यात, त्यांचं पुढचं सगळं अवघड होऊन बसतं. काढलेली कुठलीही गोष्ट लॅबला गेलीच पाहिजे, बाटलीवर नाव आणि कुठल्या जागेचा तुकडा ते लिहिलंय का बघा, आणि पावती घ्या.

रिपोर्टच्या कागदाबरोबर मेणाचा ब्लॉक (त्यात तुमचा तुकडा बसवलेला असतो) आणि काचेच्या स्लाइड असतात, त्या लॅबकडून मागून घ्या. मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये त्या परत तपासतात, नसतील तर तुकडा पुन्हा काढायला लागतो आणि साथीत त्या एका कारणाने आठवडे जातात. ब्लॉक उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, वितळतो. प्रवास बंद असला तरी ब्लॉक कुरियरने जाऊ शकतो आणि रिपोर्ट ऑनलाइन बघून सल्ला मिळू शकतो, माणूस गावात थांबून निम्मं काम पुढे सरकतं.

पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत, रेशन कार्ड आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते आधी बघा. साथीत तहसील कचेरी बंद असताना नावातली एक वेलांटी दुरुस्त करून घेणं किती जिकिरीचं आहे ते ज्याने केलंय त्यालाच माहीत.

साथीचे रिपोर्ट पुन्हा उघडून बघा

दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये, घरटी एचआरसीटी, म्हणजे छातीचे सीटी स्कॅन, झाल्या. सगळ्यांनी फक्त स्कोअर बघितला, पंचवीसपैकी किती, आणि फाइल कपाटात. पण त्या स्कॅनमध्ये छातीचं सगळंच दिसतं आणि रेडिऑलॉजिस्ट खाली एखादी ओळ लिहितो, फुप्फुसात नोड्यूल (छोटी गाठ), काखेत गाठी, स्तनात काही, लिव्हरच्या वरच्या भागात काही, "पुढे तपासावे". तेव्हा जीव वाचवायची घाई होती, ती ओळ कुणी वाचली नाही. आजच्या आज ती फाइल काढा, घरातल्या सगळ्यांच्या, आणि शेवटचा परिच्छेद वाचा. बहुतेक छोटे नोड्यूल निरुपद्रवी असतात, जुन्या टीबीचे डागही असतात, पण किती मिलिमीटर लिहिलंय ते बघून छातीच्या डॉक्टरला एकदा दाखवायचं, विशेषतः विडी-सिगरेट ओढणाऱ्याचं.

खोकल्याचंही तसंच. साथीत प्रत्येक खोकला साथीचाच वाटतो, टेस्ट निगेटिव्ह आली की हुश्श करून माणूस घरी. दोन आठवडे झाले तरी खोकला आहे तर थुंकीची टीबीसाठी तपासणी आणि एक्सरे. टीबीची औषधं सुरू करून दोन महिने झाले, फरक नाही, थुंकीतही कधी जंतू सापडले नव्हते, तर परत विचारा की दुसरं काही असू शकतं का.

कोविडची लस घेतल्यावर काखेत अवधान आल्यासारखी गाठ येऊ शकते, त्याच बाजूला, आणि मॅमोग्राफीत ती दिसते. म्हणून तपासणीला जाताना कुठल्या हाताला आणि कुठल्या तारखेला लस घेतली ते सांगा. अशी गाठ काही आठवड्यांत बसते. दीड-दोन महिने झाले तरी तशीच असेल किंवा गाठ काखेत नसून स्तनातच असेल तर तिचं खापर लसीवर फोडायचं नाही.

ज्यांचं तेव्हाच राहून गेलंय

२०२० मध्ये अमेरिकेतसुद्धा गरीब बायकांसाठीच्या सरकारी कार्यक्रमात एप्रिल महिन्यात स्तनांच्या तपासण्या ८७ टक्क्यांनी आणि गर्भाशयमुखाच्या ८४ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या, तेव्हा फक्त तुमचंच राहिलं असं समजून लाजू नका. डॉक्टर रागावतील म्हणून न जाणारे खूप जण भेटतात, "आता एवढ्या उशिरा कसं जायचं". जायचं. चुकलेली तपासणी दुप्पट करावी लागत नाही, जिथून सुटली तिथून परत सुरू करायची.

मुलं पुण्यात, बंगळुरूला, दुबईला आणि आई-वडील गावी अशी घरं आता जास्त. फोनवर "बरं आहे ना" विचारलं की आई "बरं आहे" म्हणते, तिला मुलाने साथीत प्रवास करून यायला नको असतं, म्हणून ती सांगत नाही. नेमकं विचारा. आई, अंगावरून काही जातंय का, छातीत काही लागतं का, बाबांचा घास अडकतो का, पँट ढिली झालीय का. मुलाला विचारायला जड जात असेल तर सुनेने, लेकीने विचारावं. आणि शेजारच्या एका माणसाचं नाव-नंबर वहीत ठेवा जो गाडी काढून त्यांना तालुक्याला नेईल, भाड्याचे पैसे त्याला आधीच पाठवून ठेवा, आई स्वतः मागणार नाही.

ज्यांचे उपचार होऊन गेलेत आणि फॉलोअपला जायचंय त्यांनी लाट चालू असेल तर आधी आपल्या हॉस्पिटलला फोन करून विचारावं की ही भेट फोनवर होईल का. बऱ्याच ठिकाणी करतात, रक्त आणि सोनोग्राफी गावात करून रिपोर्ट पाठवायचे. पण नवीन गाठ, हाडात न थांबणारं दुखणं, दम लागणं असं काही असेल तर फॉलोअपची तारीख येईपर्यंत थांबायचं नाही, त्याच दिवशी फोन, आणि फोनवर आधी फाइल नंबर सांगायचा, म्हणून तो नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर ठळक लिहा.